कादंबरीच्या शेवटी दोन पाने इतिहासासाठी हवीत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नाझी राजवटीत छळल्या गेलेल्या ज्यू कुटुंबांवरील अनुवादित कादंबऱ्यांचा आढावा घेणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखिकेने पुस्तकांची निवड जाणकारीने केली आहे आणि अनुवादकांच्या कष्टांचीही दखल घेतली आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदन करायला हवे. मात्र लेखाच्या अखेरीस त्यांनी काढलेला निष्कर्ष, की कादंबरी हे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नसल्यामुळे तिच्यातील तपशील पारखत बसणे म्हणजे रसभंग आहे आणि वाचकाचे डोळे पाणावले की लेखकाचे काम झाले, मला पटला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कादंबरीकाराने माणसे हवी तशी कल्पावीत. पण त्या माणसांना ज्या यंत्रणेने मारले ती यंत्रणा कल्पू नये, आणि पुस्तकात कल्पिलेले काय व घडलेले काय, हे प्रकाशकाने वाचकाला सांगावे.

इतर ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाबतीत ही मागणी मी इतक्या आग्रहाने केली नसती. पेशव्यांवरील कादंबरीत लेखकाने एखादी मसलत पदरची घातली तरी मराठी वाचकाकडे ती पारखायला बखरी आहेत, शाळेतले धडे आहेत, घरातल्या थोरामोठ्यांकडून ऐकलेले आहे, आणि चूक झालीच तर आपल्याच पत्रव्यवहाराच्या सदरात त्यावर खडाजंगी होते. ज्यूंच्या संहाराबाबत असे काहीच हाताशी नसते. शाळेत हा विषय दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात उरकला जातो, आणि ठाण्याच्या किंवा वाशी-नेरूळच्या वाचनालयातून अशी दोन-तीन पुस्तके घरी नेणाऱ्या वाचकाचे त्याबद्दलचे बहुतेक सगळे ज्ञान त्या पुस्तकांतूनच तयार होते.

बंद मालगाडी, छावणीचे फाटक, काटेरी तारा, हातावर गोंदलेला क्रमांक, एखादा कनवाळू पहारेकरी, तारांआडून जुळलेले प्रेम आणि अखेर सुटका, असे ते ज्ञान असते. यांतील एकेक गोष्ट कुठे ना कुठे घडलेली असू शकते. पण या सगळ्यांची मिळून जी कहाणी होते ती बहुसंख्य कुटुंबांच्या वाट्याला आलेलीच नाही. क्रमांक गोंदण्याची पद्धत फक्त जर्मनव्याप्त पोलंडमधील ऑशविट्झ ही छावणी आणि तिच्या उपछावण्यांत होती, आणि तीही कामासाठी निवडलेल्या कैद्यांपुरती. फलाटावरूनच ज्यांना विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेले, त्यांची नावे कोणत्याही वहीत चढली नाहीत. १९४४ च्या मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हंगेरीतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूंना गाड्यांत भरून नेले गेले, ते बहुतेक सगळे ऑशविट्झला, आणि त्यांतील बहुसंख्यांना पोहोचताच मारण्यात आले. लहान मुले, त्यांना कडेवर घेतलेल्या आया आणि वृद्ध माणसे यांना, काही अपवाद सोडले तर, या निवडीत जगण्याची संधीच नव्हती. असे असताना आठ-नऊ वर्षांचा मुलगा महिनोन्‌महिने छावणीत मोकळा हिंडतो आणि कुंपणाशी येऊन बाहेरच्या मुलाशी गप्पा मारतो, असे कथानक रचले तर त्या कुंपणातून वीज खेळवलेली होती आणि मनोऱ्यांवर बंदूकधारी उभे होते, हेच वाचकाच्या मनातून पुसले जाते. त्याला वाटते, जागा भयंकर असेल, पण तिथे बालपण शक्य होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती कादंबरीलेखनाच्या मुळाशीच जाते. ऑशविट्झवर इतके लिहिले गेले याचे एक कारण असे की तिथे संहाराबरोबर वेठबिगारीही चालत होती, त्यामुळे हजारो कैदी जिवंत बाहेर आले आणि त्यांनी आठवणी लिहिल्या. व्याप्त पोलंडमधलीच बेल्झेक, सोबिबोर आणि त्रेब्लिंका ही ठिकाणे जवळजवळ केवळ मारण्यासाठी उभारलेली होती. बेल्झेकमध्ये १९४२ या एका वर्षात ४ लाख ३० हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि युद्ध संपले तेव्हा तिथून वाचलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्रेब्लिंकातील बळींची संख्या ८ ते ९ लाखांच्या घरात जाते. वाचलेल्यांची शंभरीसुद्धा भरली नाही. आणखी पूर्वेकडे, जर्मनांनी जिंकलेल्या सोव्हिएत मुलखात, तर गाडीही नव्हती आणि छावणीही नव्हती. कीव्ह शहराच्या कडेला असलेल्या बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या, हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे. ती माणसे स्वतःच्या घरापासून पायी चालत जाता येईल इतक्या अंतरावर मेली. सुमारे ६० लाख बळींपैकी १५ ते २० लाख लोक अशा गोळीबारांत मेले असे मानले जाते, आणि मराठीत पोहोचलेल्या कादंबऱ्यांत ते मला क्वचितच भेटतात. जो वाचतो त्याचीच गोष्ट होते, हे साहित्याच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. परंतु वाचकाला त्याची जाणीव करून दिली नाही, तर सुटका हा नियम होता आणि मृत्यू हा अपवाद, अशी उलटी समजूत होऊन बसते.

आता छावणीच्या आधीच्या काळाकडे येतो, कारण माझ्या मते कादंबरीला खरा वाव तिथे आहे आणि बहुतेक लेखक नेमके तिथेच घाई करतात. पहिल्या दोन प्रकरणांत सुखी कुटुंब, तिसऱ्यात दारावर थाप, चौथ्यात गाडी! प्रत्यक्षात जर्मनीतल्या ज्यू कुटुंबाच्या दारावर ती थाप पडायला आठ-नऊ वर्षे लागली आणि तेवढ्या वर्षांत त्याचे घर एकेका फर्मानाने रिकामे होत गेले. १ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला आणि त्याच आठवड्यात सरकारी नोकऱ्यांतून त्यांना काढण्याचा कायदा झाला. सप्टेंबर १९३५ मधील न्यूरेम्बर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व आणि इतरांशी विवाह करण्याचा हक्क काढून घेतला. १९३८ च्या एप्रिलमध्ये मालमत्तेची नोंद सक्तीची झाली, सप्टेंबरअखेर ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले, ऑक्टोबरमध्ये पारपत्रांवर ज्यू असल्याची खूण म्हणून ‘J’ हे तांबडे अक्षर उमटू लागले. ९ नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, सुमारे ३० हजार पुरुषांना पकडून छळछावण्यांत पाठवले गेले, आणि वर ज्यू समाजावरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच ज्यू मुलांना जर्मन शाळांची दारे बंद झाली. १ जानेवारी १९३९ पासून, ठरावीक ज्यू नाव नसलेल्या प्रत्येक पुरुषाला आपल्या नावापुढे इस्राएल आणि प्रत्येक स्त्रीला सारा हे नाव जोडणे भाग पडले. युद्ध सुरू झाल्यावर रेडिओ गेला, मग टेलिफोन गेला, १९४१ च्या सप्टेंबरमध्ये सहा वर्षांवरील प्रत्येकाच्या छातीवर पिवळा तारा आला, आणि १९४२ मध्ये घरात कुत्रे-मांजर पाळण्यावरही बंदी आली.

हा तारासुद्धा सगळीकडे सारखा नव्हता. वॉर्सामध्ये दंडावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर निळा तारा, असा हुकूम १९३९ च्या डिसेंबरपासूनच होता. वॉर्सातील कथेच्या मुखपृष्ठावर पिवळा तारा छापला तर त्यात कोणाचा जीव जात नाही, हे मलाही कळते. पण जो लेखक किंवा प्रकाशक एवढेही पाहत नाही, त्याने पुढचे काय काय पाहिले असेल अशी शंका येतेच.

अशा कादंबऱ्यांवर बोलताना, ही माणसे वेळीच निघून का गेली नाहीत, असे विचारणारे वाचक मला नेहमी भेटतात. उत्तर कादंबरीत मिळायला हवे, पण तिथे बहुधा वडिलांचा हट्ट किंवा आजीचे घरावरचे प्रेम एवढेच सापडते. वास्तविक १९३३ मध्ये जर्मनीत असलेल्या सुमारे ५ लाख ज्यूंपैकी निम्म्याहून अधिक लोक युद्धापूर्वी देश सोडून गेले होते. जाताना जबर कर भरावा लागे, पैसा जवळजवळ सगळा मागेच ठेवावा लागे, आणि जायचे तर कोणत्या तरी देशाचा परवाना हवा असे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी या प्रश्नावर जमले, त्यांनी सहानुभूती व्यक्त केली आणि मोजके अपवाद सोडता कोणीही जास्त लोकांना घेण्याची तयारी दाखवली नाही. वकिलातीच्या रांगेत उभे राहणारे कुटुंब, दूरच्या नातेवाइकाच्या हमीपत्राची वाट पाहणारी आई, एका मुलाला इंग्लंडला पाठवता येईल पण दुसऱ्याचे वय बसत नाही असे कळलेले घर, यांत नाट्य कमी आहे असे कोण म्हणेल?

हद्दपारीच्या आदेशाबरोबर कुटुंबाच्या हाती मालमत्तेचा एक अर्ज पडत असे. पुढे पुढे हा अर्ज १६ पानांचा झाला. घरातील खुर्च्या, गालिचे, पलंगपोस, चमचे, कपडे, सारे त्यात स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे आणि खाली सही करायची. आपल्याकडे पंचनामा होतो तेव्हा निदान लिहिणारा सरकारी माणूस असतो. इथे स्वतःच्या घराचा पंचनामा घरच्यांनीच करायचा होता. माणसे देशाच्या सीमेपार गेली की नोव्हेंबर १९४१ च्या आदेशानुसार त्यांचे नागरिकत्व संपे आणि मालमत्ता आपोआप सरकारजमा होई. मग तो अर्ज हातात घेऊन सरकारी कारकून येत आणि सामानाचा लिलाव होई. हॅम्बुर्गमध्ये असे लिलाव जाहीरपणे चालत आणि त्यांत बोली लावणारे गावातलेच साधे लोक असत. पहारेकऱ्याच्या क्रौर्याची वर्णने वाचून मी आता हादरत नाही; या लिलावात शेजारणीने पडदे विकत घेतले असतील, या विचाराने अजून हादरतो.

रेल्वेचेही तसेच. देशातील पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये ज्या गावात आली त्या ठाण्याच्या माणसाला तिकिटाचा हिशेब निराळा सांगायला नको. जर्मन रेल्वेने या माणसांच्या वाहतुकीचे भाडे रीतसर आकारले होते : तिसऱ्या वर्गाचा दर, दर किलोमीटरला ४ फेनिग, दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुले मोफत, आणि ४०० किंवा अधिक माणसे असतील तर निम्मी सवलत. कैद्यांचे भाडे एकेरी असे. पहारेकऱ्यांचे तेवढे परतीचे. मालगाडीच्या अंधाराची पानेच्या पाने वर्णने करणाऱ्या लेखकांपैकी किती जणांनी हे बिल तयार करणाऱ्या कारकुनाला एखादे प्रकरण दिले आहे? त्याने आयुष्यात कोणावर हात उगारला नसेल आणि संध्याकाळी तो वेळेवर घरी जात असेल.

कल्पनेने लिहूच नये असे मी म्हणत नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. दस्तऐवज जिथे संपतो तिथे कादंबरीच जाऊ शकते. पण हे दस्तऐवज उरले कसे, हेही लक्षात घ्यावे. वॉर्साच्या घेट्टोत, सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरच्या कोंडवाड्यात चार लाखांहून अधिक माणसे कोंडलेली असताना, इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने साठेक साथीदारांसह गुप्तपणे एक संग्रह जमवला. त्यात त्यांनी रोजनिशा आणि अहवाल तर ठेवलेच, पण शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, मिठाईचे कागद, नाटकाच्या जाहिराती आणि शाळकरी मुलांचे निबंधही ठेवले. हे सारे पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले गेले. पहिला भाग सप्टेंबर १९४६ मध्ये आणि दुसरा डिसेंबर १९५० मध्ये सापडला. तिसरा आजवर सापडलेला नाही. रिंगेलब्लुम यांना मार्च १९४४ मध्ये पत्नी आणि मुलासह मारण्यात आले, आणि त्या साठांपैकी युद्धानंतर तिघेच हयात होते. मरणाऱ्यांनी मिठाईचा कागददेखील पुढच्या लेखकासाठी जपून ठेवला असेल, तर पुढच्या लेखकाने निदान तो पाहून घ्यावा, एवढी अपेक्षा रसभंग करणारी आहे असे मला वाटत नाही.

आपल्या परिसरात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत खारघर येथे हिटलरच्या नावाने उपाहारगृह उघडले गेले होते आणि ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर ते नाव बदलण्यात आले, हे आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यामागे ज्यूंविषयी द्वेष नव्हता. लोकांचे लक्ष वेधेल असे एक नाव, एवढाच विचार होता, आणि मला तर तेच अधिक अस्वस्थ करणारे वाटते. हिटलरचे आत्मचरित्र आजही पदपथावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते आणि कडक शिस्तीचा पुरस्कार करताना त्याचे नाव सहज घेतले जाते. अशा वाचकासमोर ज्यू कुटुंबाची कहाणी केवळ हळव्या प्रेमकथेच्या रूपात गेली, तर तो रडेल, पुस्तक परत करील आणि ती कहाणी व हिटलरचे कौतुक या दोन्ही गोष्टी मनात शेजारीशेजारी ठेवील. कायदे, अर्ज, लिलाव आणि रेल्वेची बिले समोर आली तरच त्याला त्या दोहोंचा संबंध दिसण्याची शक्यता आहे.

शिवाय ज्यू म्हणजे युरोपातले कोणीतरी, असे मानायचे ठाणेकरांना तरी कारण नाही. १८७९ साली बांधलेले शार हाशामाईम सिनेगॉग टेंभी नाक्याच्या परिसरात आजही उभे आहे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, पेणकर आणि नवगावकर अशी गावांवरून आडनावे लावणारे बेने इस्राएल लोक घरात मराठीच बोलत. त्यांना इथे धर्मासाठी कोणी छळले नाही, आणि १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य इस्राएलला गेले ते छळ झाला म्हणून नव्हे.

मराठी लेखकाला याच विषयावर स्वतंत्र कादंबरी लिहायची असेल तर साहित्य मुंबईतच पडलेले आहे. १९३३ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून काही ज्यू मुंबईत आले आणि त्यांच्या मदतीसाठी इथल्या ज्यूंनी १९३४ मध्ये ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन केली. आकाशवाणीची आपल्या कानांत बसलेली सुरुवातीची धून ज्यांची मानली जाते ते वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये आलेले असेच निर्वासित. मुंबईच्या तरुण बंडखोर चित्रकारांची चित्रे विकत घेऊन त्यांना आधार देणारे इमॅन्युएल श्लेसिंजर ऑस्ट्रियातून आले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्रधारकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून पकडले. ज्यांच्या पारपत्रावर जर्मनीने ज्यू असल्याचा शिक्का मारला होता, तेही जर्मन म्हणून अहमदनगरच्या छावणीत गेले आणि तिथे नाझीसमर्थक जर्मनांच्या शेजारी राहिले. पुढे त्यांच्यातील अनेकांची चौकशीनंतर सुटका झाली, आणि काही कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्याला देखरेखीखाली ठेवण्यात आले. व्हिएन्नाचा एखादा डॉक्टर पुरंदरच्या माचीवर, आपल्या आईचे काय झाले याची बातमी येण्याची वाट पाहतो आहे, अशी कादंबरी मराठीखेरीज दुसऱ्या कोणत्या भाषेत व्हावी?

मात्र ती लिहितानाही तीच काळजी हवी. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि ते हिटलरच्या छावण्यांतून सुटलेले ज्यू होते असे आता सर्रास सांगितले जाते. ते प्रामुख्याने कॅथलिक होते आणि सोव्हिएत राजवटीने त्यांना पोलंडमधून उचलून सायबेरिया व मध्य आशियात टाकले होते. त्यांचे दुःख काही कमी नव्हते, पण ते दुसरे दुःख होते आणि त्याचे गुन्हेगारही दुसरे होते.

तेव्हा मराठी प्रकाशकांना माझी विनंती अशी की या विषयावरील प्रत्येक कादंबरीच्या शेवटी दोन पाने इतिहासासाठी राखावीत. कोणती पात्रे खरी, कोणती अनेकांची मिळून घडवलेली, कोणत्या तारखा कथानकासाठी हलवल्या, एवढे त्यात असावे. सोबत एक नकाशा असावा, कारण लेम्बर्ग, ल्वुव आणि ल्विव हे एकच शहर असल्याचे आपल्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. मूळ पुस्तकात लेखकाचे असे टिपण पुष्कळदा असते. मी वाचलेल्या काही मराठी अनुवादांत मात्र ते गाळलेले आढळले. कागद महाग झाला असेल तर मलपृष्ठावरील अभिप्राय कमी करावेत. आपल्या पुरवणीनेही अशा पुस्तकाचे परीक्षण छापताना, कथेचा सारांश थोडा आवरून, एक परिच्छेद या तपासणीसाठी ठेवावा, आणि तो लिहिणाऱ्याने निदान स्थळ, वर्ष आणि छावणीचा प्रकार पडताळून पाहिलेला असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहासशिक्षक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)